देठ जपा, भोपळा टिकेल

लाल भोपळ्याइतकी सोशिक फळभाजी आपल्याकडे क्वचितच दुसरी असेल. गवार-भेंडी दोन दिवसांत मान टाकतात, टोमॅटो आठवड्यात पिचतो. जून भोपळ्याला मात्र ना फ्रीज लागतो, ना औषध. कोरड्या सावलीत ठेवला तर तो तीन-तीन महिने खाण्याजोगा राहतो. तरीही दर हंगामात कितीतरी भोपळे पंधरवड्यात पाणी सोडतात आणि उकिरड्यावर जातात. दोष मग जागेला दिला जातो, हवेला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा त्याआधीचे असते. कोवळा तोडलेला, देठ मोडलेला, गाडीत आदळत आलेला भोपळा कितीही चांगल्या जागी ठेवला तरी टिकत नाही. नीट पिकलेला, देठासकट आणि सालीला ओरखडा न पडता घरी आलेला भोपळा साध्या पडवीतही टिकतो. साठवण सुरू होते ती शेतात, तोडणीच्या दिवशी.

लाल भोपळा, तांबडा भोपळा, डांगर, गंगाफळ, काशीफळ यांपैकी तुमच्याकडे कोणतेही नाव असो, पुढच्या सूचना सर्वांना लागू आहेत. परसात चार वेल लावणाऱ्यांसाठी त्या आहेत, तशाच एकरभर भोपळा करून भाव उतरल्यावर महिनाभर थांबू पाहणाऱ्या शेतकऱ्यांसाठीही आहेत.

तोडल्यावरही भोपळा जिवंत असतो

वेलावरून उतरला म्हणजे भोपळ्याचे जगणे थांबत नाही. तो श्वास घेत राहतो आणि त्यासाठी स्वतःच्या गरातली साखर खर्च करतो. हवा जितकी उष्ण, तितका हा खर्च जास्त. तापमान १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. दुसरीकडे सालीतून पाणी हळूहळू उडत असते. जून भोपळ्याची कडक साल आणि तिच्यावरचा मेणचट थर हे पाणी अडवतात आणि बुरशीलाही बाहेर ठेवतात.

बुरशी आणि जिवाणू आत शिरतात ते मुख्यतः दोन वाटांनी. एक, देठ तुटून उघडी पडलेली जागा. दुसरी, सालीवरची जखम. नखाचा ओरखडा, विळ्याचे टोक, क्रेटची कड, फळमाशीने केलेले छिद्र, एवढे बुरशीला पुरते. म्हणून देठ आणि साल यांची राखण करणे हेच साठवणीचे निम्म्याहून अधिक काम आहे.

पहिल्या काही आठवड्यांत साठवणीचा फायदाही होतो. गरातल्या पिठूळ स्टार्चची साखर होते आणि भोपळा अधिक गोड लागतो. ताज्या तोडलेल्या भोपळ्यापेक्षा महिनाभर ठेवलेल्याचे घारगे चवदार होतात ते यामुळेच. जपानमध्ये हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी भोपळा खाण्याची प्रथा आहे, आणि तो भोपळा त्याच्या कितीतरी आधी तोडून राखलेला असतो. फार काळ ठेवला तर मात्र ही साखरही खर्ची पडते, गर कोरडा आणि धागेदार होतो.

तोडणीची वेळ कशी ओळखावी

फळ धरल्यापासून पूर्ण जून व्हायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. केवळ रंगावर जाऊ नका. काही जातींची साल पिकल्यावर पिवळसर-तपकिरी होते, काहींची हिरवट राहते. खुणा एकत्र पाहा:

* देठ हिरवा, रसरशीत न राहता खडबडीत, बुचासारखा सुका आणि तपकिरी झालेला असावा.
* फळाजवळचा तणावा वाळलेला असावा.
* सालीची चकाकी जाऊन ती निस्तेज, किंचित राखट दिसावी.
* जमिनीला टेकलेला पांढरा डाग पिवळसर झालेला असावा.
* अंगठ्याचे नख सालीवर दाबले तर आत रुतू नये.

नखाची परीक्षा सर्वांत खात्रीची आहे, पण साठवायच्या फळावर ती जपून करा. नुसते दाबून पाहा, ओरखडा काढू नका.

तोडणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडा. ओल्या रानात तोडलेल्या भोपळ्याच्या बुडाला चिखल लागतो, साल नरम राहते आणि तिथूनच सड सुरू होते. ऐन पावसात तोडणी करावी लागली तर तो माल साठवणीसाठी धरू नका, लगेच विका किंवा खा. वेलावर भुरीचा जोर झाला असेल आणि पाने आधीच करपली असतील, तर फळात गोडी कमी भरलेली असते आणि देठही अशक्त असतो. असे भोपळेही आधी संपवा.

जातीचाही यात वाटा आहे. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘अर्का चंदन’ ही जात साधारण दोन ते तीन किलोची फळे देते आणि टिकाऊपणासाठी, तसेच वाहतूक सोसण्यासाठी ओळखली जाते. तिला सुमारे १२५ दिवस लागतात. त्याच संस्थेची ‘अर्का सूर्यमुखी’ साधारण १०० दिवसांत येते. तिची फळे एकेक किलोच्या आसपास, म्हणजे छोट्या कुटुंबाला एका-दोन वेळांत संपणारी असतात, आणि फळमाशीला ती दाद देत नाही. साठवायचा विचार असेल तर बी घेतानाच टिकाऊपणाबद्दल विचारा.

तोडताना आणि आणताना

भोपळा पिरगाळून किंवा ओढून तोडू नका. धारदार विळ्याने किंवा छाटणीच्या कात्रीने तोडा, आणि देठ निदान दोन-तीन इंच फळाला राहू द्या. देठाला धरून भोपळा कधीही उचलू नका. देठ मुठीत धरायला सोयीचा वाटतो, पण वजनाने तो बुडापासून हलतो. वरून दिसतही नाही अशी भेग पडते आणि दहा-पंधरा दिवसांनी नेमके तिथेच मऊ लागते. दोन्ही हात खालून घालून उचला.

सकाळचे दव उतरल्यावर तोडणी करा, म्हणजे फळे कोरडी येतील. पाटीत, क्रेटमध्ये किंवा ट्रॉलीत तळाला पेंढा, पाचट किंवा गोणपाट घाला. एकावर एक फेकू नका. एका भोपळ्याचा राठ देठ दुसऱ्याच्या सालीत सहज घुसतो, म्हणून देठ शेजारच्या फळाला लागणार नाहीत असे रचा.

तिथेच, बांधावर, मालाचे तीन वाटे करा. देठ शाबूत, साल स्वच्छ आणि पूर्ण जून तो पहिला वाटा, साठवणीचा. देठ गेलेले किंवा थोडे खरचटलेले ते दुसरे, दोन-तीन आठवड्यांत संपवायचे. कोवळे, चिरलेले, फळमाशीने डंख मारलेले ते तिसरे, लगेच वापरायचे. फळमाशीचा डंख ओळखायला सोपा असतो. बारीक छिद्राभोवती डिंकासारखा थेंब सुकलेला दिसतो. असे फळ चिरून आधी आत पाहा.

साल धरू द्या

कांदा काढल्यावर आपण तो लगेच चाळीत भरत नाही, आधी सुकवतो. भोपळ्यालाही तशीच काही दिवसांची उसंत लागते. २५ ते ३० अंश तापमानाच्या हवेशीर सावलीत सात ते दहा दिवस भोपळे पसरून ठेवले की सालीवरचे बारीक ओरखडे भरून येतात, साल आणखी कडक होते आणि देठाचा कापलेला भाग सुकून बंद होतो. ऑक्टोबरची ऊबदार, कोरडी हवा यासाठी उत्तम. गोठ्याची पडवी, चारी बाजूंनी उघडी शेड, झाडाखालचा मांडव यांपैकी काहीही चालेल. रात्री दव पडत असेल तर वरून झाकणारे छप्पर हवे.

उन्हाळी भोपळा एप्रिल-मेमध्ये निघतो तेव्हा तो उघड्यावर टाकू नका. चाळिशीच्या उन्हात सालीला चट्टे पडतात, खालचा गर शिजल्यासारखा होतो आणि तो भाग पुढे सडतो. भोपळा वेलावरच पूर्ण जून झाला असेल आणि हवा कोरडी असेल, तर एवढे दिवस लागत नाहीत. देठाचा काप सुकला की काम झाले.

धुण्याचा मोह टाळा. माती लागली असेल तर वाळू द्या आणि मऊ फडक्याने हलकेच झटका. चिखल घट्ट बसला असेल तरच ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच पूर्ण कोरडे करा. सालीवरची राखट झाक खरवडून काढू नका, ती फळाच्या कामाची आहे.

ठेवायची जागा

भोपळ्याला मानवणारे तापमान १० ते १३ अंश आणि हवेतली आर्द्रता ५० ते ७० टक्के. आपल्याकडे घरात अशी हवा वर्षभर मिळत नाही, पण तिच्या जितके जवळ जाता येईल तितके जावे. घरातली सर्वांत थंड, कोरडी, वारा खेळणारी आणि ऊन न येणारी जागा निवडा. पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात तापतो, म्हणून हिवाळ्यात तिथे ठेवलेले भोपळे फाल्गुनात खाली उतरवा. कौलारू घराचा माळा, धान्याची खोली, उत्तरेकडची पडवी या चांगल्या जागा.

थंडीही फार नको. १० अंशांच्या खाली बराच काळ राहिला तर भोपळ्याला आतून इजा होते. सालीवर खोलगट डाग पडतात आणि बाहेर काढल्यावर तो झपाट्याने सडतो. अख्खा भोपळा फ्रीजमध्ये आठवडेच्या आठवडे ठेवू नये तो यासाठी. निफाडसारख्या भागात हिवाळ्यात पारा १० अंशांच्या बराच खाली जातो. तिथे उघड्या शेडमधला माल रात्री घरात घ्या किंवा गोणपाट, पेंढा घालून झाका.

फरशीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर भोपळा थेट ठेवू नका. बुडाखाली ओल धरते आणि वरून धडधाकट दिसणारा भोपळा खालून नासतो. लाकडी फळी, बाज, बांबूची ताटी, उलटे क्रेट यांपैकी काहीतरी खाली घ्या आणि त्यावर कोरडा पेंढा पसरा. एकच थर लावा, दोन भोपळ्यांमध्ये बोटभर जागा सोडा. एक सडला तरी शेजारचा वाचतो. जमिनीपासून उचललेली, तळातून वारा घेणारी कांदा चाळ रिकामी असेल तर तीही उत्तम.

कोकणात आणि गोव्यात तवशी, कोहळे, भोपळे दोरीत गुंफून वाशांना टांगून ठेवण्याची रीत आहे. दमट हवेसाठी ती फारच योग्य आहे. फळाला सगळीकडून वारा लागतो, जमिनीची ओल पोचत नाही आणि उंदरांनाही ते सहज सापडत नाही. सुंभाच्या सैल जाळीत बसवून टांगा, देठाला मात्र दोरी बांधू नका.

आंब्याची आढी, पिकत घातलेली केळी, सफरचंदांची पेटी यांच्या खोलीत भोपळा ठेवू नका. पिकणारी फळे इथिलीन वायू सोडतात. त्याने भोपळ्याची साल लवकर पिवळी पडते आणि देठ सुटून गळू शकतो. देठ गेला की टिकाऊपणाही गेला.

किती दिवस टिकेल

पुढचे अंदाज पूर्ण जून, देठ शाबूत, साल निरोगी अशा अख्ख्या फळासाठी आहेत.

* ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तोडलेला लाल भोपळा, देशावरच्या कोरड्या हिवाळ्यात: तीन ते चार महिने. होळीपर्यंत सहज पुरतो.
* उन्हाळी भोपळा, ३५ अंशांवरच्या हवेत: एक ते दोन महिने.
* पावसाळ्यात, विशेषतः कोकणात: महिना-दीड महिना, तोही टांगून किंवा उंचावर ठेवून.
* देठ तुटलेला भोपळा: दोन-तीन आठवड्यांत वापरावा.
* कोवळा हिरवा भोपळा: आठवडा ते दोन आठवडे.
* जून पांढरा कोहळा, अंगावरची राख न पुसता: सहा महिने, चांगल्या जागी त्याहूनही जास्त.

परदेशातल्या मराठी वाचकांना शरद ऋतूत दुकानात इतर प्रकार दिसतात. त्यांच्या मुदती वेगळ्या आहेत. थंड, कोरड्या खोलीत बटरनट दोन-तीन महिने सहज राहतो आणि नीट जपला तर त्याहूनही अधिक. हबर्ड पाच-सहा महिने टिकतो. एकॉर्न मात्र पाच ते आठ आठवड्यांत संपवावा, आणि त्याला ऊबेत सुकवत बसू नये, त्याने तो उलट लवकर उतरतो. हॅलोविनचे मोठे भोपळे अख्खे असतील तर दोन-तीन महिने राहतात, पण गर पाणचट आणि धागेदार असतो. भाजी-घारग्यांसाठी बटरनट किंवा कबोचा घ्या. दारात शोभेला ठेवलेला भोपळा खायचा असेल तर पहिली हिमरात्र येण्याआधी आत आणा. गोठून वितळलेला भोपळा टिकत नाही. कोरून बाहेर ठेवलेला भोपळा खाण्यासाठी धरू नका.

आठवड्याची फेरी

प्रत्येक भोपळ्यावर तोडणीची तारीख खडूने लिहा. आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात दोनदा, प्रत्येक फळ हातात घेऊन पाहा. देठाचे मूळ, फुलाकडचा खळगा आणि बूड या तीन जागी बोटाने हलके दाबा. ही तीन ठिकाणे आधी मऊ पडतात. काळे किंवा पाणचट डाग, देठापाशी पांढरी बुरशी, आंबूस वास, आकाराच्या मानाने फार हलके वजन, यांतले काहीही दिसले तर तो भोपळा बाजूला काढा. खालचा पेंढा ओला झाला असेल तर बदला.

डाग लहान आणि कोरडा असेल, तर भोवतालचा दोन बोटे चांगला गर धरून तो भाग कापून टाका. उरलेला गर घट्ट आणि चांगल्या वासाचा असेल तर त्याच दिवशी शिजवा. गर चिकट झाला असेल, पाणी सुटले असेल किंवा आत बुरशी असेल, तर पूर्ण फळ कंपोस्टमध्ये घाला. आणखी एक सूचना जिवाची आहे. भोपळा चिरल्यावर कडू लागला तर तो अजिबात खाऊ नका. या कुळातल्या फळांत कधी कधी कुकुर्बिटासिन नावाची विषारी कडू द्रव्ये वाढतात. शिजवून ती जात नाहीत आणि त्यांनी उलट्या-जुलाब होतात.

चिरल्यानंतर

साल उघडली की भोपळ्याचा टिकाऊपणा संपला. म्हणून मोठा भोपळा चिरायच्या आधी तो कोणाकोणात वाटायचा हे ठरवा. उरलेल्या फोडीतल्या बिया आणि धागेदार मगज काढून टाका, कारण सड तिथून सुरू होते. साल राहू द्या. फोड झाकून किंवा गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. चार-पाच दिवस चांगली राहते.

जास्त असेल तर साल काढून फोडी वाफवा, गार करा, हवाबंद पिशव्यांत एका वेळेला लागतील तेवढ्या भरा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. आठ-दहा महिने वापरता येतात. पुऱ्या-घारग्यांसाठी त्यांचा गर मोडून ठेवला तरी चालतो. मात्र शिजवलेला गर बरणीत भरून बाहेर ठेवू नका. भोपळ्यात आंबटपणा नसतो, आणि बंद बरणीत बोटुलिझमचे घातक जिवाणू वास किंवा रंग न बदलताही वाढू शकतात. बाहेर टिकवायचे तर वाळवण हाच मार्ग. कोहळ्याचे सांडगे आपण करतोच. जून भोपळ्याच्या पातळ चकत्याही कडक उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवता येतात.

बी राखा

संकरित नसलेल्या जातीचे भोपळे असतील तर शेवटचे काम सर्वांत मोलाचे आहे. बी पहिल्या भोपळ्याचे धरू नका. सर्वांत जास्त टिकलेल्या, तरीही घट्ट आणि गोड राहिलेल्या भोपळ्याचे धरा. तोडल्यानंतर काही आठवडे फळातच राहिलेले बी अधिक भरते. फार उशीर मात्र नको, कारण अति जुन्या भोपळ्यात बिया आतच कोंभ धरू लागतात. बिया धुऊन सावलीत खणखणीत वाळवा आणि हवाबंद डब्यात तारीख लिहून ठेवा. कोरड्या राहिल्या तर तीन-चार वर्षे उगवतात. परागकण मधमाश्या नेतात, त्यामुळे शेजारी दुसऱ्या जातीचे भोपळे असतील तर बी शुद्ध राहत नाही. वेल दूर लावा, किंवा मादीफूल आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधून सकाळी त्याच जातीच्या नरफुलाने हाताने फळवा आणि पुन्हा बांधून ठेवा.

भोपळ्याचे मूळ अमेरिका खंडात आहे. मेक्सिकोच्या ओआहाका भागातल्या एका गुहेत लागवडीच्या भोपळ्याच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी जे फळ चवीला चांगले आणि पुढच्या पेऱ्यापर्यंत टिकले त्याचेच बी जपले, म्हणून आज एवढा टिकाऊ भोपळा आपल्या हाती आहे. तुमच्या गावच्या हवेत, तुमच्या पडवीत कोणता भोपळा टिकतो हे कोणत्याही पाकिटावर लिहिलेले नसते. ते तुम्हीच पाहू शकता. या हंगामात देठासकट दहा भोपळे राखून ठेवा, तारखा लिहा, आणि जो सर्वांत शेवटी चिराल त्याचे बी पुढच्या पावसात लावा.